दोन पंप आणि एकच तार

वाकोल्यांत राहणाऱ्या माणसाला विमानाचें अप्रूप वाटत नाहीं. मुंबईचा विमानतळ आमच्या उशाशींच आहे. पस्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविलें, आणि माझें वाक्य विमानाच्या आवाजानें मध्येंच तुटलें नाहीं असा तास त्या अवधींत क्वचितच गेला असेल. आवाज आला कीं खडू हातांत धरून थांबावयाचें आणि विमान गेलें कीं उरलेलें वाक्य पुरें करावयाचें, अशी संवयच आम्हां शिक्षकांना जडली होती. त्या रिकाम्या अर्ध्या मिनिटांत एखादा मुलगा हमखास विचारी, "गुरुजी, वर गेल्यावर इंजिन बंद पडलें तर?"

प्रश्न पोरकट नव्हता. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. आकाशाला तशी कड नाहीं. मी कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेत असें, पण तो प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, इंजिनिअर नव्हें. तथापि निवृत्तीनंतर हातीं वेळ आला, तेव्हां या प्रश्नाच्या एका लहानशा कोपऱ्याचा मीं जमेल तसा अभ्यास केला. तो कोपरा म्हणजे, हौशी माणसानें स्वतःच्या हातानें बांधलेल्या लहान विमानांतील, विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप. आपल्यापैकीं विमान बांधणारे फार थोडे असतील हें मी जाणतों. परंतु या पंपाकडून जो धडा मिळतो, तो ज्याच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे अशा प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे.

विमान घरीं बांधतात हें ऐकून कोणाला नवल वाटेल. त्यासाठीं फार दूर जावयास नको. २०१६ सालच्या फेब्रुवारींत, आमच्या वाकोल्याशेजारच्या वांद्रे-कुर्ला संकुलांत, 'मेक इन इंडिया' नांवाचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत एक सहा आसनांचें विमान ठेवलेलें होतें. तें कोणत्याहि कारखान्यांतून आलें नव्हतें. कांदिवलीच्या चारकोप भागांतील एका इमारतीच्या गच्चीवर तें तयार झालें होतें. तें बांधणारे कॅप्टन अमोल यादव हे स्वतः प्रवासी विमानाचे वैमानिक. पुढें २०१७ सालीं त्या विमानाची सरकारदरबारीं नोंद झाली आणि त्याला व्ही. टी. - एन. एम. डी. हीं अक्षरें मिळालीं. २०१९ च्या ऑक्टोबरांत उड्डाणाची परवानगी मिळाली. आणि नंतर धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. मराठी माणसाच्या चिकाटीचें हें उदाहरण आपणां सर्वांना भूषणावह आहे.

आपल्या देशांत असे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकेंत मात्र अशीं घरीं बांधलेलीं विमानें हजारोंनीं उडत आहेत. त्यामुळें त्यांच्या गुणदोषांचा हिशेबहि तेथेंच नीट ठेवला गेला आहे. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०१२ सालीं या विमानांचा एक स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्या देशांतील लहान व खासगी विमानांत घरीं बांधलेल्या विमानांचें प्रमाण सुमारें १० टक्के. परंतु २०११ सालच्या अपघातांत त्यांचा वांटा सुमारें १५ टक्के, आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के, असें त्यांत आढळलें. इंजिनाचा बिघाड आणि विमानावरील ताबा सुटणें हीं कारणें त्यांत अग्रभागीं होतीं. विमान प्रथम उडविण्यापूर्वीं त्याच्या इंधन-व्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी घेऊन ती लिहून ठेवावी, अशी सूचनाहि त्या मंडळानें केली. म्हणजे माझ्या वर्गांतल्या मुलाची शंका आणि त्या पंडितांची चिंता एकाच जागीं येऊन मिळते.

आतां मुळापासून पाहूं. इंजिनाला पेट्रोल पोंचवावयाचें कसें? पहिली रीत सर्वांत सोपी. १९०३ सालीं राइट बंधूंचें विमान उडालें, तेव्हां त्याची चिमुकली टाकी इंजिनाहून उंच बांधलेली होती आणि पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं येत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आमच्या पलीकडच्या जुहूच्या मैदानावर उतरले, तें पस मॉथ जातीचें विमानहि याच वळणाचें. त्याचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर होते आणि पेट्रोलच्या टाक्या त्या पंखांत होत्या. गच्चीवरच्या टाकींतील पाणी जसें तळमजल्याच्या नळाला येतें, तसेंच हें. पृथ्वीचें आकर्षण कधीं रजेवर जात नाहीं, त्याला फ्यूज नाहीं, आणि त्याचें बिलहि येत नाहीं.

पंख खालीं असलेल्या विमानांत मात्र टाकी इंजिनापेक्षां खालच्या पातळीवर येते, आणि तेथें पंप आला. तरीहि इंजिनाला जोंवर जुना कार्बुरेटर होता तोंवर पंपाचें काम हलकें होतें. पेट्रोल कार्बुरेटरच्या वाटींत नुसतें भरत राहिलें म्हणजे झालें; इंजिन आपल्या श्वासाबरोबर तें ओढून घेई. कार्बुरेटरचे दोषहि होतेच. दमट हवेंत त्याच्या गळ्याशीं बर्फ धरतें आणि इंजिन गुदमरतें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांच्या स्पिटफायर विमानानें एकदम नाक खालीं घातलें कीं त्याच्या कार्बुरेटरमधील पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर आंचका देई. पाठलाग करणारे मागें पडत. कारण जर्मन मेसरश्मिट विमानाला कार्बुरेटरच नव्हता, त्याच्या इंजिनांत पेट्रोलचा फवारा पंपानें मारला जाई. १९४१ सालीं बिॲट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनीं भोंक पाडलेली एक साधी चकती बसवून इंग्रजांची अडचण बरीचशी दूर केली. परंतु फवारणीचा मार्ग श्रेष्ठ, हें त्या वेळींच सिद्ध झालें होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. त्या जर्मन इंजिनांतील फवाऱ्याचा पंप इंजिनाच्याच शक्तीनें फिरत असे. इंजिन फिरतें आहे तोंवर पंप फिरणार. विजेचा त्यांत संबंध नाहीं. आज मोटारींमधून जी फवारणी घरीं बांधलेल्या विमानांत आली आहे, तिची गोष्ट निराळी. तेथें एक छोटा गणकयंत्राचा मेंदू किती पेट्रोल सोडावयाचें तें ठरवितो, विजेच्या झडपा तें सोडतात, आणि त्या झडपांपर्यंत तें मोठ्या दाबानें पोंचविण्याचें काम विजेचा पंप करतो. पेट्रोलची बचत होते, बर्फाचें भय जवळजवळ जातें, इंजिन गुळगुळीत चालतें. परंतु हें सगळें सुख एका विजेवर टांगलेलें असतें.

हा दाब किती असतो? साधारणतः वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट. शाळेंतला हिशेब केला तर एवढा दाब नुसत्या वजनानें निर्माण करण्यास पेट्रोलचा सुमारें ४० मीटर उंचीचा स्तंभ लागेल. म्हणजे टाकी तेरा-चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर ठेवावी लागेल! लहान विमानाच्या पंखाची उंची एक-दोन मीटर. तात्पर्य, कार्बुरेटरच्या विमानांत विजेचा पंप हा बहुधा मदतनीस असतो. फवारणीच्या विमानांत तोच मुख्य कर्ता पुरुष असतो. तो थांबला कीं दाब पडतो, आणि दाब पडला कीं दोन-चार सेकंदांत इंजिन गप्प होतें.

या पंपाची प्रकृति कशी असते तें पाहूं. आंत विजेची एक लहान मोटर असते आणि तिच्या टोकाला पात्यांचें बारीक चक्र असतें. पेट्रोल या मोटरीच्या अंगावरूनच वाहत जातें. विजेच्या ठिणगीपाशीं पेट्रोल, मग आग कां लागत नाहीं, असें आपण विचाराल. जळण्यास हवा लागते, आणि पेट्रोलनें भरलेल्या त्या पोटांत पुरेशी हवाच नसते. पेट्रोल हेंच त्या मोटरीचें वंगण आणि तेंच तिचें थंड पाणी. म्हणून हा पंप कोरडा फिरविणें म्हणजे त्याचें आयुष्य जाळणें होय. टाकी रिती झाल्यावर तो फिरत राहिला तर थोड्याच वेळांत घासून तापतो.

दुसरें त्याचें लक्षण असें कीं, तो ढकलण्यांत बलवान आणि ओढण्यांत दुबळा असतो. त्याला पेट्रोल ओढावें लागलें म्हणजे नळींतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला कीं पेट्रोल लवकर उकळतें. डोंगरमाथ्यावर हवेचा दाब कमी असल्यानें पाणी शंभर अंशांच्या आंतच उकळतें हें आपण शाळेंत शिकलों. तोच हा नियम. त्यांत पेट्रोलांतील हलके अंश ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळूं लागतात. आतां वैशाखांतील मुंबईची दुपार, तापलेली धावपट्टी, नुकतेंच उतरून थांबलेलें गरम इंजिन, आणि त्या इंजिनाला लागून बसविलेला पंप, असें चित्र डोळ्यांपुढें आणा. नळींत पेट्रोलच्या जागीं वाफ भरते. पंप फिरत असतो, आवाज येत असतो, पण तो वाफ घुसळीत असतो. अशा वेळीं दोष पंपाचा नसतो. त्याला चुलीशेजारीं बसविणाऱ्याचा असतो. म्हणून पंप टाकीजवळ, पेट्रोलच्या पातळीखालीं आणि इंजिनाच्या धगीपासून दूर असावा, असा जाणत्यांचा आग्रह असतो. इंजिनाला लागतें त्यापेक्षां पुष्कळ अधिक पेट्रोल पंप फिरवितो आणि उरलेलें परत टाकीकडे जातें. त्याबरोबर उष्णता व वाफहि निघून जाते. मात्र तें परतीचें पेट्रोल ज्या टाकींतून घेतलें तिलाच परत मिळालें पाहिजे. एका टाकींतून घ्यावयाचें आणि दुसरींत टाकावयाचें अशी जोडणी झाली, तर एक रिकामी होत असतां भरलेली दुसरी बाहेर सांडूं लागेल.

आपल्याकडे आणखी एक नवी बाब आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलें. मोटारीचें इंधन वापरणाऱ्या विमानकर्त्यानें हें विसरतां कामा नये. इथेनॉल हवेंतील पाणी शोषतें, आणि जुन्या जातीच्या रबरी नळ्यांना व टाकींतील कांहीं राळेच्या लेपांना तें मानवत नाहीं. झिजलेल्या लेपाचे कण गाळणींत अडकतात आणि पंप उपाशी राहतो. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचें ९१२ आय. एस. हें २०१२ सालीं आलेलें फवारणीचें इंजिन अशा लहान विमानांत लोकप्रिय आहे. त्याला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा आहे. सबब, रस्त्यावरील पंपाचें पेट्रोल तें सर्व पेट्रोल सारखेंच, असें समजून चालणार नाहीं.

यावर कोणीहि म्हणेल कीं, एक पंप बेभरंवशाचा असेल तर दोन बसवावे. अगदीं बरोबर, फवारणीच्या विमानांत दोन पंप असतातच. माझें आजचें खरें बोलणें येथूनच सुरू होतें. कारण दोन पंप म्हणजे दोन आधार, हें नेहमींच खरें नसतें. ही गोष्ट मला कोणत्या ग्रंथानें नव्हे, आमच्या इमारतीच्या पाण्यानें शिकविली.

२००५ साल. मी आमच्या सोसायटीचा चिटणीस होतों. तळच्या टाकींतून गच्चीवर पाणी चढविण्यासाठीं आमच्याकडे दोन पंप होते, आणि लवकर काम व्हावें म्हणून पहारेकरी रोज पहाटे दोन्ही एकदमच चालू करी. मे महिन्यांत एके सायंकाळीं नळ कोरडे पडले. तिसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. मुलांनीं रात्रीं अकरापर्यंत बादल्या वाहून तिच्या घरीं पाणी पोंचविलें. दुसऱ्या दिवशीं कारागीर आला आणि म्हणाला, "मास्तर, हा पंप काल अडकला. पण तो दुसरा कैक महिने फिरलेलाच नाहीं; आंतून गंजून धरला आहे." आम्हांला पत्ताहि नव्हता! पाणी हळूं चढतें तें पालिकेच्या कमी दाबामुळें, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली होती. दोन पंप एकदम चालवीत असल्यामुळें एक मेलेला आहे हें आम्हांला जिवंत असलेल्यानें कळूं दिलें नाहीं.

दोन्ही दुरुस्त झाले. मी निर्धास्त झालों. आणि २६ जुलै उजाडला. त्या एका दिवसांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमचे दोन्ही पंप तळमजल्याच्या एकाच खड्ड्यांत शेजारीं शेजारीं बसविलेले. दोघेहि एकाच वेळीं पाण्याखालीं गेले. बाहेर गळ्याइतकें पाणी आणि नळाला थेंब नाहीं, अशी आमची स्थिति झाली. त्या वेळीं मला उमजलें कीं, आमच्याकडे पंप दोन होते, पण खड्डा एकच होता.

आतां ही गोष्ट विमानाच्या भाषेंत, तिसरी-चौथीच्या गणितानें मांडूं. आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतों. समजा, एक पंप सरासरी हजार तासांत एकदां बंद पडतो. दोन पंप एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील, तर दोघेहि एकाच तासांत बंद पडण्याचा संभव हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. एवढ्या भरंवशावर माणूस विमानांत बसेल. पण समजा, दोघांनाहि वीज नेणारी तार एकच आहे आणि तिचा सांधा दहा हजार तासांत एकदां निखळतो. मग दहा लाखांचा हिशेब फुकट गेला. सगळी व्यवस्था दहा हजारांत एक एवढीच उरली, म्हणजे धोका शंभरपट वाढला. आणि समजा, दुसरा पंप आमच्या पंपासारखा आधींच मेलेला आहे व कोणाला माहीत नाहीं. मग आपण पुन्हां एका पंपावर, हजारांत एकावर येऊन उभे राहिलों. गुणाकाराचें पुण्य फक्त स्वतंत्र वस्तूंनाच लाभतें.

म्हणून विमानाच्या इंधन-व्यवस्थेकडे पाहतांना पंप किती हें न मोजतां, दोन्ही पंपांना सामाईक असें काय काय आहे हें मोजावें. दोघांच्या आधीं एकच बारीक गाळणी असेल, तर ती तुंबली कीं दोघेहि उपाशी. दोघांना एकच रिले, एकच फ्यूज वा एकच कळ असेल, तर ती गेली कीं दोघेहि थंड. दोन्ही पंप शेजारीं शेजारीं दोन वाटांनीं बसविले आणि प्रत्येकाच्या पुढें एकेरी झडप नसेल, तर चालू पंपाचें पेट्रोल बंद पंपांतून उलट टाकीकडे पळेल. एकामागें एक बसविले, तर बंद पडलेल्याला वळसा घालून जाण्यास वाट हवी. घरीं बांधलेल्या विमानाच्या टाकींत पहिल्या कांहीं तासांत धातूचा कीस, काचतंतूंची धूळ, लेपाचे तुकडे असें कांहींना कांहीं निघतेंच. तेवढ्यासाठीं पहिल्या उड्डाणांनंतर गाळणी वारंवार उघडून पाहावी लागते. पंप बंद पडला असें आपण म्हणतों, तेव्हां तो बिचारा पुष्कळदां निर्दोष असतो. बिघाड त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेंत असतो.

सर्वांत मोठी सामाईक वस्तु म्हणजे वीज. जुन्या विमान-इंजिनांत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः करी. बॅटरी मेली तरी इंजिनाला त्याची दाद नसे. फवारणीच्या या इंजिनांत पंप, मेंदू, झडपा आणि ठिणगी या सर्वांना वीज लागते. समजा, सगळे मिळून १५ अँपिअर घेतात आणि बॅटरी १६ अँपिअर-तासांची आहे. वीज निर्माण करणारें यंत्र बंद पडलें तर कागदावर तासाभराची सोय आहे. परंतु बॅटरी जुनी होते, आणि सुज्ञ माणूस अर्ध्या तासांत जमीन गांठण्याचा बेत करतो. त्या रोटॅक्स इंजिनाच्या कर्त्यांनीं मेंदू दुहेरी केला आहे, वीज करणारीं यंत्रें दोन दिलीं आहेत, पंपहि दोन सांगितले आहेत. पण तारा ओढणारा हात घरीं बांधणाऱ्याचा असतो, आणि कारखान्यानें दोन केलेलें त्या हाताला नकळत पुन्हां एक करतां येतें.

हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. माझा एक जुना विद्यार्थी परदेशीं नोकरीस आहे. आपल्या मोटारखान्यांत तो दोन आसनांचें विमान बांधीत आहे; दुसरें आसन मुलीसाठीं, असें तो सांगतो. एका दिवाळींत तो वाकोल्यास आला, तेव्हां मला दाखविण्यासाठीं नकाशा घेऊन आला. "गुरुजी, वर इंजिन बंद पडलें तर, असें मी वर्गांत विचारीत असें ना? हें पाहा. दोन पंप, दोन गाळण्या, दोन फ्यूज!" मला तारांची विद्या येत नाहीं, पण मुलांची गणितें तपासतांना बोट ओळीवरून फिरविण्याची संवय आहे. मीं पहिल्या पंपाच्या तारेवर बोट ठेवलें आणि मागें मागें गेलों. कळ, फ्यूज, आणि पुढें पितळेची एक पट्टी. मग दुसऱ्या पंपाची तार धरली. कळ, फ्यूज, आणि तीच पट्टी. त्या पट्टीपासून बॅटरीपर्यंत एकच तार. परतीच्या दोन्ही तारा विमानाच्या सांगाड्यावरील एकाच बोल्टाखालीं दाबलेल्या. मीं विचारलें, "हा एक बोल्ट ढिला झाला तर?"

तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. चहा निवून गेला. शेवटीं म्हणाला, "गुरुजी, हें मला तीन वर्षांत दिसलें नाहीं." मीं त्याला आमच्या खड्ड्याची गोष्ट सांगितली. त्यांत त्याला कमीपणा वाटण्याजोगें कांहीं नव्हतें. ज्यानें स्वतः काढलेलें असतें त्याला तें दिसत नाहीं, हा वह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. घरीं बांधलेलें विमान दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जावें, याचें कारण हेंच.

आतां शेवटची गोष्ट, चाचणीची. दोन्ही पंप एकदम चालू करून दाबाचा कांटा पाहिला, तर तो कांटा आपल्याला तेंच सांगेल जें आमच्या गच्चीवरील पाण्यानें सांगितलें होतें. म्हणजे कांहींच नाहीं. प्रत्येक उड्डाणापूर्वीं आधीं पहिला पंप एकटा चालवून दाब पाहावा, मग दुसरा एकटा, आणि मगच उड्डाणासाठीं दोन्ही. पहिल्या उड्डाणाआधीं तर विमान चढणीला असतें त्याहून अधिक नाक वर करून, टाकींत थोडेंच पेट्रोल ठेवून, प्रत्येक पंप इंजिनाच्या तोंडाशीं मिनिटाला किती पेट्रोल देतो तें भांड्यानें मोजावें. अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमांत पुष्कळ वर्षें असें प्रमाण होतें कीं, इंजिनाच्या पूर्ण शक्तीला लागेल त्याच्या सव्वापट पेट्रोल पंपानें दिलें पाहिजे, आणि नुसत्या वजनानें येणारें असेल तर दीडपट. इंजिन पूर्ण शक्तीनें तासाला २७ लिटर घेत असेल, तर एकट्या पंपानें मिनिटाला निदान ५६० मिलिलिटर दिलेंच पाहिजे. एक मोजपात्र आणि एक घड्याळ, एवढेंच यास लागतें.

आणि दुसऱ्या पंपाची कळ वैमानिकाच्या हाताशीं असावी. तीनशें फुटांवर इंजिन गप्प झालें आणि विमान मिनिटाला साडेसातशें फूट या वेगानें खालीं येऊं लागलें, तर जमिनीपर्यंत २४ सेकंद मिळतात. तेवढ्यांत नाक खालीं करावयाचें, मोकळी जागा हेरावयाची आणि कळ दाबावयाची. कळ शोधण्यासाठीं त्यांत वेळ नाहीं. आणि वाकोल्यासारख्या ठिकाणीं खालीं मोकळी जागाहि नाहीं; खालीं आम्ही आहोंत, आमच्या शाळा आहेत, वाक्याच्या मध्यें थांबलेला एखादा शिक्षक आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें परत गेल्यावर नकाशा बदलला. दुसऱ्या पंपाला आतां दुसरी लहान बॅटरी आहे, तिची स्वतःची तार आहे आणि परतीचा स्वतःचा बोल्ट आहे. इंजिनाच्या मेंदूलाहि तिच्यावरून दुसरी वाट दिली आहे. नंतर त्यानें मला कळविलें कीं, विमान जमिनीला पक्कें बांधून त्यानें इंजिन चालू केलें आणि ती जुनी तार हातानें सोडविली. पहिला पंप थांबला. इंजिन क्षणभर दचकलें, आणि चालत राहिलें.

श्रोतेहो, आपल्या घरीं विमान नसेल. पण दोन पंप असतील, दोन किल्ल्या असतील, अडीअडचणीसाठीं ठेवलेले पैसे दोन जागीं असतील. ते खरोखरच दोन आहेत कीं एकाच खड्ड्यांत ठेवलेले आहेत, हें एकदां बोट फिरवून मागें मागें जाऊन पाहावें. आणि जो दुसरा आधार आपण राखून ठेवला आहे, तो अजून जिवंत आहे ना, याची त्याला एकट्याला चालवून परीक्षा घ्यावी. आमच्या सोसायटींत आतां सम तारखेला एक पंप चालतो आणि विषम तारखेला दुसरा. आणि दुसरा पंप खड्ड्यांतून काढून उंच ओट्यावर बसविला आहे.